‘लँड ऑफ माइन’ कॉलेजच्या पोरांना दाखवायचाय: सुरुंगांचं किती खरं, किती सिनेमाचं?

पडदा_जळगाव

राम राम मंडळी. जळगावात एका ज्युनिअर कॉलेजच्या हॉलमध्ये अकरावी-बारावीच्या आणि एनसीसीच्या पोरांसाठी मार्टिन झांडव्लिटचा २०१५ चा डॅनिश सिनेमा ‘अंडर सँडेट’ (इंग्रजी नाव ‘लँड ऑफ माइन’) दाखवायचं ठरलंय. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मे १९४५, युद्ध संपलंय, आणि डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर जर्मनांनी पुरून ठेवलेले सुरुंग जर्मन कैद्यांकडूनच काढून घेतले जाताहेत. कैदी म्हणजे मिसरूड न फुटलेली पोरं. त्यांच्यावर नेमलेला डॅनिश सार्जंट रासमुसेन (रोलँड म्योलर) सुरुवातीला त्यांना माणसातही धरत नाही.

सिनेमानंतर तासभर चर्चा आहे आणि पोरं नेमके प्रश्न विचारतात, म्हणून इथे विचारतोय. सुरुंग काढायची पद्धत दाखवलीय ती खरी का? ‘तासाला सहा’ सुरुंग काढायचा हिशेब बसतो का? कैद्यांना असल्या कामाला लावणं तेव्हाच्या कायद्यात बसत होतं का? शेवटी पडद्यावर येणारे आकडे कितपत धरायचे? आणि मराठी सबटायटल आम्हीच करणार आहोत, त्यात कुठे चुकतं तेही सांगा. पुढे शेवट फुटेल असं लिहिलंत तरी चालेल, फक्त आधी तसं सांगा.

वाघूर_काठ

सुरुंगांपुरतं सांगतो. कथेतले दोनतीन प्रसंग यात फुटतील, पाहिला नसेल त्याने पुढचं उत्तर गाठावं.

पडद्यावर पोरं सगळ्यात जास्त हाताळतात ती ताटासारखी गोल चकती म्हणजे टेलरमाइन. जर्मन भाषेत टेलर म्हणजे ताटच. वजन साधारण ९ किलो, त्यात साडेपाच किलो स्फोटक. हा रणगाड्यासाठीचा सुरुंग. दाबपट्टीवर शंभर किलोच्या आसपास किंवा जास्त भार आला तर फुटतो, म्हणजे नुसता माणूस चालत गेला तर सहसा फुटत नाही. पोरांना हे आधी सांगा, नाहीतर पहिला प्रश्न हाच येतो की एवढं हळू कशाला सरपटायचं.

सरपटायचं कारण वेगळं. टेलरमाइनला वरच्या फ्यूजशिवाय (फ्यूज म्हणजे स्फोट घडवणारा चाप) बाजूला आणि तळाला जादा फ्यूज बसवायच्या जागा असतात. तळाच्या जागेत ओढीचा फ्यूज बसवून त्याची तार खाली खुंटीला बांधली की सुरुंग वर उचलताच उडतो. किंवा एका सुरुंगाखाली दुसरा ठेवून दोन्ही जोडायचे. सिनेमात कैद्यांतल्या जुळ्या भावांपैकी एकजण मरतो तो असाच: वरचा निष्क्रिय केला, उचलला, खालचा फुटला. हा प्रकार काल्पनिक नाही. म्हणून नियम असा की फ्यूज काढल्यावरही सुरुंग लगेच उचलायचा नाही. चारही बाजूंनी वाळू हाताने सारून तळापर्यंत चाचपायचं, मगच हलवायचा. काही नंतरच्या फ्यूजांत तर वरची दाबपट्टी घट्ट बसवली की आतली पिन तुटते आणि पट्टी उलटी फिरवली तरी स्फोट होतो. बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. सिनेमात झाकण फिरवताना जो श्वास रोखून धरला जातो, तो उगाच नाही.

माणसासाठीचा मुख्य म्हणजे एस-माइन. डब्याएवढा. काही किलोच्या दाबाने किंवा तारेच्या ओढीने सुरू होतो, सुमारे चार सेकंदांनी जमिनीतून उसळून कमरेएवढा वर येतो आणि हवेत फुटतो. आत साडेतीनशेच्या वर पोलादी गोळ्या. तिसरा शू-माइन: साधी लाकडी पेटी, आत २०० ग्रॅम स्फोटक. माणूस मरेलच असं नाही, पाय मात्र जातो. लाकडी असल्यामुळे त्या काळच्या शोधयंत्राला जवळजवळ सापडतच नाही.

सार्जंटचा कुत्रा ‘साफ केलेल्या’ पट्ट्यात मरतो तिथे एखादा हुशार पोरगा विचारेल की कुत्र्याच्या वजनाने टेलरमाइन कसा फुटेल. बरोबर आहे, फुटणार नाही. तिथे माणसाविरुद्धचाच एखादा राहून गेलेला सुरुंग धरावा लागतो.

आता काठी. पोरं वाळूत काठी तिरपी खुपसतात ते अगदी बरोबर दाखवलंय. उभी खुपसली तर टोक दाबपट्टीवर पडतं. जमिनीशी साधारण ३० अंशांचा कोन ठेवला की टोक सुरुंगाच्या कडेला लागतं. कोरड्या वाळूत काठी सहज जाते आणि लोखंड लागलं की हाताला कळतं. ओल्या वाळूत जोर वाढवावा लागतो आणि तिथेच घात होतो, कारण जोराने खुपसणाऱ्या हाताला वाळूतला फरक कळत नाही. भरतीच्या रेषेजवळचं काम म्हणून जास्त वाईट. शिवाय खारी हवा. दीड-दोन वर्षं पुरलेल्या फ्यूजचे आटे गंजतात, वाळू आत जाते, झाकण अडकतं. अडकलं की माणूस झटका देतो. काही सुरुंगांना, उदाहरणार्थ पट्टीसारख्या लांब रीगलमाइनला, हात न लावता जागच्या जागी उडवणंच शहाणपणाचं होतं, कारण आतल्या बारीक तारा गंजल्या की किती दाबाला तुटतील याचा भरवसा नाही.

‘तासाला सहा’चं गणित पुढच्या उत्तरात देतो, हे फार लांबलं.

वाघूर_काठ

सार्जंट पोरांना सांगतो: या किनाऱ्यावर ४५,००० सुरुंग आहेत, तासाला सहा काढा, उडाला नाहीत तर तीन महिन्यांत घरी. पोरं १४. चौदा गुणिले सहा म्हणजे तासाला ८४. ४५,००० भागिले ८४, साधारण ५३६ तास. रोज आठ तास धरले तर ६७ दिवस. आठवड्याला एक सुट्टी धरली तर अकरा आठवड्यांच्या थोडं वर. म्हणजे तीन महिने हा आकडा बरोबर बसतो, पण एकही पोरगा आजारी पडला नाही, जखमी झाला नाही आणि मेला नाही तरच. लिहिणाऱ्याने हा हिशेब मुद्दाम असा ठेवला असावा असं मला वाटतं. चौदाचे दहा झाले की त्याच कामाला ९४ दिवस लागतात. फळ्यावर मांडा, पोरांना भाषणापेक्षा हे लवकर कळतं.

आता तासाला सहा म्हणजे एका सुरुंगाला दहा मिनिटं. शोधणं, उघडा करणं, फ्यूज काढणं, उचलणं सगळं त्यात. हे शक्य आहे का? ओळ माहीत असेल तर आहे. माहीत नसेल तर अजिबात नाही. एक चौरस मीटर वाळू दर पाच सेंटीमीटरला काठी खुपसून तपासायची म्हटली तर वीस गुणिले वीस, ४०० वेळा खुपसावं लागतं. एकाला तीन सेकंद धरले तरी वीस मिनिटं गेली, आणि त्या मीटरमध्ये कदाचित काहीच नाही.

म्हणजे नकाशे होते. जर्मन फौज सुरुंग पेरताना आराखडा करायची आणि ओळी मोजून टाकायची. त्यासाठी २४ मीटर लांबीची तार वापरायचे, दर मीटरला खूण केलेली. आपल्याकडे केळीची लावणी करताना दोरी ओढून पाच बाय पाच फुटांवर खुणा करतात ना, तसंच. रावेर-यावलच्या पोरांना हे लगेच समजेल. बागेतला एक खुंट सापडला की बाकीचे कुठे असतील ते सांगता येतं. अडचण एवढीच की केळीची जमीन जागची हलत नाही, आणि समुद्रकाठची वाळू वाऱ्याने हलते. टेकडी सरकली की जो सुरुंग वीतभर खोल होता तो हातभर खोल जातो, किंवा उघडा पडतो. नकाशा कागदावर बरोबर, जमिनीवर चुकीचा.

धुळे_पांझरा

चर्चेत विरोधी बाजूही ठेवा भो. या सिनेमावरचा सरळ आक्षेप असा की पाच वर्षं दुसऱ्याच्या देशावर बसलेल्या फौजेबद्दल प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आणायचं, आणि त्यासाठी कैदी म्हणून निवडून निवडून गोरीगोमटी पोरं दाखवायची. ९ एप्रिल १९४० पासून ५ मे १९४५ पर्यंत डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात होता. ते सुरुंग पेरले कोणी? त्यांनीच. मग काढायचे कोणी, डॅनिश कोळ्यांनी?

आणि शोधयंत्रं तेव्हा होती. ती का दिसत नाहीत पडद्यावर?

कागदोपत्री

धुळेकरांचा ‘पेरले त्यांनी काढावे’ हा युक्तिवाद १९४५ मध्ये ब्रिटिश आणि डॅनिश अधिकाऱ्यांनी अगदी ह्याच शब्दांत नसला तरी ह्याच अर्थाने केला होता. चर्चेत तो आलाच पाहिजे. पण कायद्याची बाजू वेगळी मांडावी लागते, तेव्हा तीच क्रमाने सांगतो.

युद्धकैद्यांबाबत तेव्हा लागू असलेला जिनेव्हा करार १९२९ चा. त्याचं ३२ वं कलम एका वाक्यात सांगतं की कैद्यांना आरोग्याला अपायकारक किंवा धोकादायक कामाला लावायला मनाई आहे. सुरुंग काढणं धोकादायक नाही असं कोणीच म्हणू शकत नव्हतं. मग वाट काढली ती शब्दांतून. मे १९४५ मध्ये शरण आलेल्या जर्मन सैनिकांना ब्रिटिशांनी ‘युद्धकैदी’ म्हटलंच नाही, ‘शरण आलेले शत्रुपक्षाचे लोक’ अशी वेगळी वर्गवारी केली. कैदी नाही म्हटल्यावर कैद्यांचा करारही लागू नाही. शिवाय डेन्मार्क आणि जर्मनी यांच्यात औपचारिक युद्ध जाहीरच झालं नव्हतं, त्यामुळे डेन्मार्कच्या बाजूनेही प्रश्न अर्धवट लोंबकळत राहिला. सरकारी कामात एका शब्दाने माणूस कुठल्या फाइलीत जातो आणि कुठल्या फाइलीतून बाहेर पडतो, हे आपल्या लोकांना नव्याने शिकवायला नको.

पुढे १९४९ च्या तिसऱ्या जिनेव्हा कराराच्या ५२ व्या कलमात हे नाव घेऊन लिहिलं गेलं: सुरुंग वा तत्सम वस्तू काढणं हे धोकादायक काम मानलं जाईल, आणि कैदी स्वेच्छेने तयार असल्याशिवाय त्याला अशा कामावर लावता येणार नाही. एनसीसीच्या पोरांना ही दोन कलमं शेजारी शेजारी लिहून दाखवा. १९२९ मध्ये नुसतं ‘धोकादायक’, १९४९ मध्ये सुरुंगांचा स्पष्ट उल्लेख. मधल्या वीस वर्षांत काय झालं ते त्या फरकातच आहे. आणि डेन्मार्क एकटा नव्हता, फ्रान्स आणि नॉर्वेतही जर्मन कैद्यांकडून हेच काम करून घेतलं गेलं.

आता आकडे. सिनेमाच्या शेवटी येणारा मजकूर साधारण असा: दोन हजारांवर जर्मन कैद्यांनी पंधरा लाखांवर सुरुंग काढले, त्यातले जवळजवळ निम्मे मेले किंवा गंभीर जखमी झाले. सुरुंगांची संख्या त्याच पट्ट्यात बसते, नोंदींत ती १४ लाखांच्या आसपास सापडते. ‘निम्मे’ मात्र जपून वापरा. नोंदींतले आकडे १४९ मृत, १६५ गंभीर जखमी आणि १६७ किरकोळ जखमी असे आहेत. मृत आणि गंभीर जखमी मिळून ३१४. दोन हजारांत ते सहात एक पडतात. किरकोळ धरूनही ४८१, म्हणजे पावभागाच्या आत. सहात एक हे काही कमी नाही, उलट पाचेक महिन्यांच्या कामासाठी भयंकर आहे. त्याला निम्म्यापर्यंत ताणायची गरज नव्हती.

सगळी पोरंच होती का? नाही. सगळ्या वयांचे होते, आणि सुरुंगांचं काम जाणणारे लष्करी अभियंतेही त्यात होते. पण १९४५ पर्यंत जर्मन फौजेत सोळा-सतरा वर्षांची पोरं भरपूर आली होती, तेव्हा पोरं असणं खोटं नाही. खोटं असेल तर फक्त तीच दाखवणं. दुसरी सोय कथेच्या मांडणीत आहे: सिनेमात एक डॅनिश सार्जंट आणि त्याच्या हाती सोपवलेली चौदा पोरं. प्रत्यक्षात हे काम एका जर्मन सुरुंग तुकडीमार्फतच चाललं, तिचे अधिकारी जर्मन, आणि वर ब्रिटिश-डॅनिश देखरेख. म्हणजे कित्येकदा पोराला किनाऱ्यावर पाठवणारा माणूस त्याच्याच देशाचा गणवेश घातलेला होता. हा भाग सिनेमात आला असता तर जास्त अवघड आणि जास्त चांगला सिनेमा झाला असता असं माझं मत.

हातात हात घालून ‘साफ’ पट्ट्यावरून चालवण्याचा प्रसंग मात्र पदरचा नाही. साफ झाल्याची खात्री म्हणून कैद्यांना त्या पट्ट्यावरून चालत न्यायचे.

वाघूर_काठ

शोधयंत्राचं सांगतो. होती, वापरलीही गेली. पण लाकडी पेटीला आणि काचेच्या सुरुंगाला ती उपयोगाची नव्हती. हे दोन्ही प्रकार जर्मनांनी मुद्दाम त्यासाठीच केले होते. आणि जिथे आधीच स्फोट झालेत तिथे वाळूत लोखंडाचे तुकडे पसरलेले असतात, यंत्र पावलापावलाला ओरडतं. मग माणूस यंत्राचा हेडफोन काढून परत काठीवर येतो.

अजून एक. डेन्मार्कचा शेवटचा सुरुंगी पट्टा, स्कालिंगन नावाची वाळूची जीभ, २०१२ मध्ये साफ जाहीर झाला. सदुसष्ट वर्षं. सिनेमाचं चित्रीकरण त्याच भागात, ओक्सबोलच्या परिसरात झालंय.

चौकट_बिंदू

पडदा आणि सबटायटलबद्दल.

आधी परवानगीचं, कारण तिथेच लोक फसतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग म्हणून सिनेमा दाखवायला सूट आहे, पण प्रेक्षक संस्थेचे विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच हवेत. गावात फलक लावून ‘सर्वांना मुक्त प्रवेश’ लिहिलंत की सूट गेली. त्याच कलमात हौशी मंडळांनाही एक सूट आहे, तिचा आधार बरेच फिल्म क्लब घेतात. ती नाटक, साहित्य आणि संगीताच्या सादरीकरणासाठी आहे, सिनेमासाठी नाही. म्हणून कार्यक्रम कॉलेजच्या नावानेच ठेवा.

सिनेमा सुमारे शंभर मिनिटांचा. बहुतेक वेळ उजेडातली फिकी वाळू आणि फिकं आभाळ. हॉलच्या खिडक्यांतून थोडा जरी उजेड आला तरी हे चित्र धुऊन निघतं, काळोख्या सिनेमापेक्षा लवकर. दुपारी ठेवणार असाल तर पडदे पुरणार नाहीत, काळा कागद आतून चिकटवा. उन्हाळ्यात ठेवणार असाल तर प्रोजेक्टरच्या मागे-पुढे हवा खेळती ठेवा. जळगावच्या ४४ अंशांत बंद खोक्यात ठेवलेला प्रोजेक्टर तापून आपोआप बंद पडतो, आणि लगेच चालू करायला गेलं तर चालू होत नाही. लाइट गेली तर यूपीएसवर निदान प्रोजेक्टर तरी राहू द्या. आवाज गेला तर पाच मिनिटं निभावता येतं, तापलेला दिवा पंख्याविना थंड पडू दिला तर दिव्याचं आयुष्य कमी होतं.

आवाजात हमखास होणारी चूक अशी: फाइलीत सहा वाहिन्यांचा आवाज असतो, हॉलमध्ये दोन स्पीकर. प्लेअरला ‘स्टिरिओ’ सांगितलं नाही तर मधल्या वाहिनीतले संवाद गायब होतात किंवा पुटपुट ऐकू येतात आणि वारा-लाटा तेवढ्या मोठ्या. मग कोणीतरी आवाज चढवतो. या सिनेमात तो चढवला की पुढचा स्फोट हॉल हादरवतो आणि स्पीकरही फाडतो. पातळी संवादावरून ठरवा, एकदा ठरवली की हात लावू नका. शांतता लांब आहे म्हणून काही बिघडलं असं समजू नका, ती तशीच हवी.

सबटायटल: एसआरटी फाइल (सबटायटलची मजकूर फाइल) यूटीएफ-८ या अक्षर-संकेतातच जतन करा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील. चौकोन दिसले तर दोष फाइलीचा नाही, प्लेअरच्या फॉन्टचा. सेटिंगमध्ये नोटो सान्स देवनागरी किंवा मंगल निवडा. जोडाक्षरं फुटून ‘क्ष’चा ‘क्‌ष’ दिसायला लागला तर खटपट सोडा आणि अक्षरं चित्रातच छापून नवी फाइल करा. वेळ लागतो पण ऐन वेळी दगा देत नाही. एका वेळी दोन ओळी, एका ओळीत पस्तीस-चाळीस अक्षरांपेक्षा जास्त नको. इंग्रजी सबटायटलवरून शब्दशः केलं की मराठी नेहमी लांबतं. कापा. चित्राची चौकट रुंद आहे, खाली काळी पट्टी राहते, अक्षरं तिथे बसवा, म्हणजे पांढऱ्या वाळूवर पांढरी अक्षरं वाचायची वेळ येणार नाही.

सिनेमात दोन भाषा आहेत: सार्जंट अधिकाऱ्याशी डॅनिश बोलतो, पोरांशी जर्मन. मराठी वाचणाऱ्याला हा फरक ऐकून कळणार नाही. जर्मन संवाद तिरक्या अक्षरांत ठेवा आणि सुरुवातीला एक ओळ देऊन तसं सांगा.

पडदा_जळगाव

खूप झालं, सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. मध्यंतर घ्यावंच लागेल असं वाटतंय, ते कुठे? आणि सबटायटल करणाऱ्या पोरांनी डोकं चालवलंय की कैदी पोरांचे आपसातले संवाद अहिराणीत आणि सार्जंटचे प्रमाण मराठीत करावेत. मला पटतंय पण भीतीही वाटतेय.

चौकट_बिंदू

मध्यंतर टाळता आलं तर टाळा, शंभरच मिनिटं आहेत. नाहीच जमलं तर किनाऱ्यावर फुटबॉल खेळण्याच्या प्रसंगाच्या आधी थांबा, नंतर नाही. तो खेळ आणि लगेच त्यानंतरचं सलगच दिसलं पाहिजे, त्या दोघांत चहा आला की दिग्दर्शकाने बांधलेलं सगळं सुटतं. चोपडा-पाचोऱ्याकडची पोरं असतील तर शेवटच्या गाडीचा हिशेब करून सुरू करा, चर्चेतून उठून जाणारी पोरं बाकीच्यांनाही उठवतात.

आणि शिक्षकांनी आधी एकदा एकट्याने पाहून घ्या. दोन्ही हात गमावलेला पोरगा, उपासमार, जनावरांचा खुराक खाऊन झालेल्या उलट्या, आणि सैनिकांनी एका पोराच्या तोंडावर लघवी करणं, एवढं यात आहे. अकरावीला चालेल, पण आधी सांगून.

आंबापानी

अहिराणीबद्दल. सगळे संवाद करू नका. पोरं हसतील, आणि पहिल्या दहा मिनिटांतलं हसू पुढे उतरत नाही. हॉलमध्ये अहिराणी लिहिलेली दिसली की तिचा संबंध विनोदी व्हिडिओंशीच लावायची सवय आपल्याला लागलीय, दोष भाषेचा नाही. शिवाय लिहिलेली अहिराणी वाचायला आपलीच पोरं अडखळतात, बोलतात फर्डी. सबटायटलला अडखळणं परवडत नाही.

पण मोजक्या जागी करा, आणि फक्त तिथे जिथे पोरगा दुसऱ्याशी नाही, स्वतःशी किंवा आईशी बोलतोय. जखमी पोरगा घरी जायचं म्हणतो तिथे ‘मला घरी जायचं आहे’ हे पुस्तकातलं वाक्य आहे. ‘माले घर जानं शे’ लिहा. कोणी हसणार नाही. जुळे भाऊ घरी गेल्यावर काय करायचं ते ठरवतात, विटा रचायच्या, घरं बांधायची. तिथे ‘बांधकाम व्यवसाय’ असलं काही लिहू नका. गवंडी. खान्देशातल्या निम्म्या हॉलला गवंडी घरातलाच माणूस आहे.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ नीट सांभाळा. इंग्रजीत सगळं एकच, तिथूनच घोळ होतो. सार्जंट पोरांना ‘तू’, तुसडेपणाने. पोरं त्याला ‘सार्जंटसाहेब, तुम्ही’. पुढे सार्जंट मऊ पडतो तिथेही त्याचं ‘तू’ बदलू नका. शब्द तोच ठेवा, भोवतालचे शब्द मऊ करा: आधी ‘ऊठ’, नंतर ‘ऊठ बाळा’ नाही, ‘ऊठ रे’. एवढंच पुरतं.

वाघूर_काठ

चर्चेच्या आधी दहा मिनिटं असतील तर एक करून पाहा. पसरट घमेलं घ्या, त्यात वाळू भरा (गिरणा नदीची आणायची तर परवान्याचं बघा, नाहीतर बांधकामावरून दोन पाट्या मागून आणा). आत एका बाजूला स्टीलच्या डब्याचं झाकण आणि दुसऱ्या बाजूला लाकडाची फळी पुरा, दोन्ही चार बोटं खोल. विणायची सुई देऊन पोराला तिरपी खुपसत दोन्ही शोधायला लावा. आधी कोरड्या वाळूत, मग तांब्याभर पाणी ओतून. झाकण कोरड्यात लगेच लागतं. लाकूड कोरड्यातही चकवतं, ओल्यात तर पोराला पटकन कळत नाही की वाळू संपून लाकूड कधी लागलं. दुसऱ्या पोराच्या हातात घड्याळ द्या. दहा मिनिटं झाली की थांबायचं, शोधलं असो वा नसो.

झाकण कुठल्या बाजूला आहे ते शोधायच्या आधी सगळ्यांना सांगू नका. एका पोराला सांगा, एकाला सांगू नका. नकाशा असणं म्हणजे काय, ते दोघांच्या वेळेतल्या फरकावरून दिसेल.

धुळे_पांझरा

हे मस्त. घमेली दोन घ्या मात्र, एकाच वाळूत कोरडं-ओलं करत बसलात तर पंख्याखाली वाळायला दुपार जाईल.